अदत्तादान

दुसऱ्याचे दोष सांगायला कीर्तनकाराला फार धैर्य लागत नाही. हातात वीणा असते, समोर माणसे हात जोडून बसलेली असतात, आणि उलट प्रश्न करण्याची त्या जागी रीत नाही. त्यामुळे आमच्या जातीच्या माणसाला एक मोठा धोका असतो. आपण जे सांगतो ते आपण करतोच, असे त्याला हळूहळू वाटू लागते. तो भ्रम माझा कसा उतरला, ते आज लिहितो.

गोष्ट गेल्या कार्तिकातली, म्हणजे २०२५ सालची. आमच्या सावनेरात सप्ताह चालू होता. एका रात्री माझे कीर्तन होते आणि दृष्टांताला मी महाभारताच्या शांतिपर्वातली शंख-लिखितांची कथा घेतली होती. दोघे सख्खे भाऊ, दोघेही तपस्वी, बाहुदा नदीच्या काठी दोघांचे वेगवेगळे आश्रम. लिखित एकदा शंखाच्या आश्रमात गेला. शंख घरी नव्हता. झाडाला पिकलेली फळे होती, ती याने तोडली आणि निवांत खात बसला. शंख आला, म्हणाला, फळे कुठून आणलीस? लिखित हसून म्हणाला, इथूनच, तुझ्याच झाडाची. शंख म्हणाला, बाबा रे, ही चोरी झाली. राजाकडे जा, आपण होऊन सांग आणि चोराला जी शिक्षा असते ती मागून घे.

लिखित गेला. सुद्युम्न राजा म्हणाला, शिक्षा देण्याचा अधिकार माझा, तसा क्षमेचाही माझाच. जा, क्षमा केली. पण लिखित हटेना. शेवटी राजाने त्याचे हात तोडविले. तसाच तो भावाकडे आला. शंखाने त्याला बाहुदेत तर्पण करायला लावले आणि हात पुन्हा फुटले. कथा मी रंगवून सांगितली. संत्र्याच्या बागांचा आमचा मुलूख, तेव्हा फळाची चोरी म्हणजे काय हे श्रोत्यांना समजावून सांगावे लागत नाही. माणसे डोळे पुसत घरी गेली. मीही समाधानाने घरी आलो.

जेवताना नातू म्हणाला, "आबाजी, लिखितानं सख्ख्या भावाच्या बागेतलं फळ न इचारता खाल्लं, म्हणून त्याचे हात गेले. मंग आपल्या घरच्या कंप्युटरचं काय? त्यातलं थे विंडोज त आपण न इचारताच घेतलं हाय ना?"

घास तोंडातच राहिला. पोरगा बारा वर्षांचा. त्याला टोमणा मारायचा नव्हता, त्याला खरोखरच उत्तर हवे होते. मी म्हणालो, "उद्या सांगतो." त्या उद्याला पुढे पंधरा दिवस लागले.

आता हकीकत सांगतो. पाच वर्षांपूर्वी मी एक संगणक घेतला. चाळीस वर्षांची कीर्तनाची टिपणे वह्यांतून पडली होती, वाळवी लागत होती. ती टंकून ठेवावी असा हेतू. ज्याच्याकडून यंत्र घेतले त्या गृहस्थाने बिल केले आणि म्हणाला, "महाराज, विंडोजचे वेगळे पैसे लागतात, पण तुमाले कायले खर्चात पाडू? मी तशीच टाकून देतो." मी त्याला आशीर्वाद दिला! इतकेच नव्हे, तर पुढे तीन स्नेह्यांना त्याच्याकडे पाठविले, माणूस चांगला आहे म्हणून. त्याने मला फसविले असे मी म्हणू शकत नाही. 'वेगळे पैसे लागतात' हे तो स्पष्ट बोलला होता आणि मी ते ऐकले होते.

जे संगणक वापरीत नाहीत त्यांच्यासाठी दोन शब्द. यंत्र म्हणजे नुसता पत्रा, तारा आणि चकत्या. त्याला उठविणारी, कळफलक, पडदा, कागदपत्रे यांचा सगळा कारभार पाहणारी एक मूळ आज्ञावली असते, तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरात जसा कारभारी, तशी ती. मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज ही त्यातली फार प्रचारातली. ती यंत्रात भरली म्हणून आपल्या मालकीची होत नाही. कंपनी आपल्याला वापरण्याची परवानगी विकते. गंमत अशी की विंडोज भरण्याची मूळ प्रत कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहून कुणालाही उतरवून घेता येते. म्हणजे वस्तू हाताशी पडलेली आहे, विकत घ्यायची ती परवानगी. अगदी शंखाच्या झाडासारखे! फांदी हाताला लागते, कुंपण नाही, राखणदार नाही. प्रश्न एवढाच, की विचारले होते का?

त्या पंधरा दिवसांत माझ्या मनाने जी जी वकिली केली ती सगळी येथे मांडतो. कारण ती एकट्या माझी नव्हे. गावोगाव माणसे हेच बोलतात.

पहिली सबब अशी की, यात कुणाचे काय गेले? गाय चोरली तर धन्याच्या दावणीला गाय राहात नाही. आज्ञावलीची नक्कल केली तर मूळ तशीच राहते. आमच्याकडचा बागाईतदार हे चांगले जाणतो. जंभेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. एका मातृवृक्षाच्या डोळ्यांतून शेकडो कलमे होतात आणि त्या झाडाचे काही उणे होत नाही. मग चोरी कसली?

ही सबब मला बरेच दिवस पटली होती, कारण ती अर्धी खरी आहे. गाय नेणे आणि नक्कल करणे सारखे नव्हे, हे मी आजही मानतो. पण शास्त्रकारांनी चोरीची मोजणी धन्याच्या तोट्यावर ठेवलेली नाही. न दिलेले घेणे, अदत्तादान, हे तिचे लक्षण. धन्यासमक्ष जोराने घेतले तर ते साहस, त्याच्या पाठीमागे घेतले तर स्तेय. लिखिताने चार फळे खाल्ल्याने शंख उपाशी पडणार नव्हता. ऋषीच्या आश्रमातली फळे पाखरेही खातात. दोष पोटातल्या फळात नव्हता. 'याचे मला विचारायला नको' असे लिखिताने परस्पर ठरविले, त्यात होता. आणि कलमाचेच म्हणाल तर रोपवाटिकेवाल्याच्या बागेत रात्री शिरून डोळे काढून आणणाऱ्याला कोणता बागाईतदार भला माणूस म्हणेल?

दुसरी सबब आम्हा पढिकांची. विद्याधन चोराला नेता येत नाही, दिल्याने ते वाढते, असे सुभाषितकार सांगतात. मग विद्येला किंमत कसली? मीही पाठशाळेत हेच घोकलो. परंतु त्यात क्रियापद कोणते आहे ते पाहावे. विद्या दिल्याने वाढते. देणारा देतो तेव्हा त्याचे पुण्य. घेणाऱ्याने त्याच्या खिशातून काढून घेतले तर त्या पुण्यात याचा वाटा कोणता? गुरुजींनी मला फुकट शिकविले हे त्यांचे औदार्य होते. ते पुढे करून मी दुसऱ्याच्या श्रमावर हक्क सांगू शकत नाही.

येथे एक जुनी लाज सांगितलीच पाहिजे. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी माझे एक कीर्तन भ्रमणध्वनीवर टिपले आणि स्वतःच्या नावाने लोकांत पसरविले. मला ते कळले तेव्हा दोन दिवस अन्न गोड लागले नाही. माझे काय गेले होते? कीर्तन माझ्याजवळ होतेच. ऐकणाऱ्यांची संख्या वाढलीच होती. तरी मी चरफडत होतो आणि लोकांना देहूच्या सालोमालोची कथा सांगत होतो, की त्याने तुकोबांची रचना स्वतःच्या नावावर कशी खपविली. हे सगळे बोलत असताना घरात बिनपरवान्याचे यंत्र चालू होते, आणि त्या पोराची निंदाही मी त्याच यंत्रावर टंकीत होतो! आपली वस्तू कुणी घेतली की माणसाला अस्तेय लगेच कळते.

तिसरी सबब अशी की, कंपनी अब्जाधीश आहे, परदेशची आहे, तिला माझ्या चार पैशांची काय पडली? खरे आहे, तिला पडलेली नसेल. मला पडली पाहिजे की नाही, हा प्रश्न आहे. श्रीमंताचे घेतलेले पचते असे एकदा ठरले की श्रीमंत कोण हे आपणच ठरवितो, आणि प्रत्येकाला आपल्याहून वरचा माणूस सापडतोच. एकनाथमहाराज देवगिरीला जनार्दनस्वामींपाशी हिशेबाचे काम करीत असता एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागले, ही कथा घरोघर ठाऊक आहे. एका पैने स्वामींचा खजिना रिता होणार नव्हता.

चौथी सबब सगळ्यांत गोड आणि म्हणून सगळ्यांत वाईट. मी तर हे धर्मकार्याला वापरतो! टिपणे लिहितो, सप्ताहाच्या पत्रिका करतो, यात माझा स्वार्थ कोठे आहे? या सबबीला उत्तर मला दामाजीपंतांच्या कथेत मिळाले. मंगळवेढ्याला दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा दामाजींनी बेदरच्या पातशहाची कोठारे उघडून धान्य वाटले. याहून मोठे धर्मकार्य कोणते? आम्ही कीर्तनकार येथवर फार रंगून सांगतो. पण पुढे काय झाले? विठू महार होऊन देव दरबारात गेला, धान्याची पुरी किंमत मोजली आणि पावती घेतली. ती पावती दामाजींच्या हाती आली तेव्हा त्यांना उलगडा झाला. ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल, पण पावतीचा अर्थ कधी मनात आला नव्हता. काम पुण्याचे होते म्हणून किंमत माफ झाली नाही. देवाने पातशहाचे देणे बुडविले नाही, फेडले. आणि दामाजींपुढे मरणारी माणसे होती. माझ्यापुढे कोण मरत होते? माझी टिपणे आणखी दोन वर्षे वहीत राहिली असती, इतकेच.

पाचवी सबब, सगळेच करतात. तिला मी फार वेळ देत नाही. सगळे करतात ते बरोबर असते, तर कीर्तनाची गरजच काय?

आता राजदंडाचे काय, तेही पाहावे. आपल्या देशाचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यात संगणकाची आज्ञावली 'साहित्यकृती' या सदरात गणली आहे. म्हणजे कायद्याच्या फडताळात ती नाटक-कादंबरीच्या शेजारी बसते. १९९४ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६३-ख आले. नक्कल बेकायदा आहे हे ठाऊक असून जो ती संगणकावर वापरतो त्याला कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षे कैद, शिवाय पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. धंद्यासाठी किंवा लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकते. सावनेरात कुणाच्या घरी शिपाई येऊन असे यंत्र तपासत नाही, हे मला ठाऊक आहे. लिखिताच्या घरीही कुणी आले नव्हते. तो आपल्या पायांनी गेला.

कायदा निव्वळ धन्याच्याच बाजूचा आहे असेही नाही. त्याला मुदत आहे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आमच्या याच सावनेरात वारले. त्यांची नाटके आज कुणीही छापावी, कुणीही रंगभूमीवर आणावी. परवानगी लागत नाही. लेखकाच्या पश्चात हल्ली साठ वर्षे हक्क चालतो, नंतर ती कृती सगळ्यांची होते. ज्याने रीतसर प्रत घेतली आहे त्याला मूळ प्रत बिघडेल या भीतीने राखीव नक्कल ठेवण्याची मुभाही कायद्यात आहे. शेतकऱ्याला २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने संरक्षित वाणाचेही घरचे बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; फक्त त्या वाणाच्या ठशाखाली ते विकू नये. म्हणून प्रत्येक नकलेला चोरी म्हणत सुटणे हेही अज्ञानच. दिलेले कोणते आणि न दिलेले कोणते, हे पाहायला शिकले पाहिजे.

आणि आज्ञावलीच्या जगात देणारेही आहेत, हे मला या निमित्ताने कळले. १९७६ साली बिल गेट्स या तरुणाने हौशी संगणकवाल्यांना उघडे पत्र लिहिले, की तुम्ही आमची आज्ञावली पैसे न देता वापरता, मग चांगले काम करणाऱ्याने पोट कसे भरावे? त्याची कंपनी हीच पुढे विंडोजची धनी झाली. १९८३ साली अमेरिकेतच रिचर्ड स्टॉलमन यांनी नेमका उलटा संकल्प सोडला. आज्ञावली अशी असावी की जी कुणालाही वापरता, तपासता, बदलता आणि वाटता यावी. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लोकांपुढे ठेवला आणि त्या अन्नछत्राला चूल मिळाली. केरळातील सरकारी शाळांतून मुले याच मुक्त प्रणालीवर शिकतात. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने, जिचे मुख्यालय पुण्यास आहे, 'बॉस' नावाची अशीच प्रणाली भारतीय भाषांसह सिद्ध केली. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांनी 'मुक्ता' नावाचे देवनागरी वळण सर्वांना खुले केले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मुक्त मंडळीसुद्धा शर्त घालतात. त्यांतल्या पुष्कळांची शर्त अशी, की आमचे बदलून पुढे वाटाल तर तेही असेच खुले ठेवा, दडवू नका. आणि ती शर्त टिकते ती त्याच कॉपीराइट कायद्याच्या जोरावर. म्हणजे विकणारा असो की वाटणारा असो, दोघेही एकच मागतात, की माझ्या शब्दाचा मान ठेवा. जो विकणाऱ्याची शर्त मोडतो, त्याने अन्नछत्राच्या शर्तीबद्दल कोणत्या तोंडाने बोलावे? अन्नछत्र जवळच असताना शेजारच्या दुकानाची कडी काढणाऱ्याला 'गरीब बिचारा' म्हणणेही कठीण आहे. पैसे नव्हते ही माझी सबब त्या दिवशी संपली.

मग मी काय केले? पखवाज नव्याने मढविण्यासाठी आणि आषाढीच्या वाटेसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते, त्यातून घरच्या यंत्रासाठी परवाना घेतला. तो घेतानाही एक मोह आला. बाजारात काही शे रुपयांत 'चावी' मिळते, टाकली की यंत्र 'चालू' म्हणून दाखविते. जाणत्या तरुणाने समजावले, की अशा चाव्या पुष्कळदा कुठल्या तरी संस्थेला एकगठ्ठा दिलेल्या परवान्यातल्या, परस्पर विकलेल्या असतात. कुलूप उघडले म्हणजे घर आपले झाले असे नव्हे. हेही शिकलो, की यंत्राबरोबर मिळणारा परवाना त्या यंत्रालाच बांधलेला असतो, सुटा घेतलेला दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. आणि 'होम' प्रकारची चावी 'प्रो' प्रकाराला लागत नाही. आधी टिपणांच्या दोन प्रती बाहेर काढल्या. नंतर जुने सगळे पुसून नवे भरले. जुन्यावरच नवी चावी लावणे कधी कधी जमते, पण माझ्या यंत्रात कुलूप फोडणारे हत्यार अगोदरच बसविलेले होते. अशा हत्याराबरोबर आणखी कोण घरात शिरले आहे, हे कसे कळावे? घर एकदा सारवूनच घ्यावे.

भजनी मंडळाकडे एक जुना संगणक होता, त्यालाही मीच ती विंडोज टाकवून घेतली होती. विंडोज १० ची नेहमीची देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि त्या जुन्या यंत्राला विंडोज ११ पेलत नाही. त्याच्यावर मुक्त लिनक्स भरली. पहिले आठ दिवस मंडळींनी कुरकुर केली. आता त्याच्यावर पत्रिका निघतात, हिशेब लिहिला जातो, आणि कुणाला विचारायचे राहिलेले नाही. ज्या तीन घरी मी त्या दुकानदाराला सुचविले होते तेथे गेलो. एकाने ऐकले, एक म्हणाला पाहू. तिसरा हसला, "महाराज, तुमाले दुसरं काम नाही का?" त्याच्यावर रागावण्याचा मला अधिकार नाही. त्याला ती वाट मीच दाखविली होती.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. परवाना आज घेतला. मागच्या पाच वर्षांचे काय? फळ तर खाऊन झाले. कंपनीच्या दारात असा खण मला सापडला नाही की जेथे जुन्या वापराची बाकी भरावी. लिखिताला राजा भेटला, दंड मिळाला, बाहुदा मिळाली. मला आमची कोलार नदी आहे, पण तीत बुडी मारून ही बाकी धुतली जाईल असे माझे शास्त्र सांगत नाही. शंखाने भावाला सांगितलेला अर्धा भाग तेवढा माझ्या हाती होता, तो म्हणजे आपण होऊन सांगणे. तो या लेखाने करीत आहे. सप्ताहाच्या काल्याच्या दिवशी मी तीच कथा पुन्हा घेतली आणि शेवटी माझी हकीकतही उभ्या श्रोत्यांत सांगितली. काही हसले, काही उठून गेले. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी घरी आला, म्हणाला, "महाराज, शेजाऱ्याच्या विहिरीवरून रातचं पाणी घेतो मी. त्याले इचारून येतो." इतके बोलून तो गेला. तो शेजाऱ्याकडे गेला की नाही, हे मी विचारले नाही.

नातवाला उत्तर दिले. खरेदीची पावती त्याच्या हाती दिली आणि म्हणालो, ही जपून ठेव. त्याने ती माझ्या टिपणांच्या पहिल्या वहीत, दामाजीपंतांच्या आख्यानाच्या पानात घातली. मी त्याला तसे सांगितले नव्हते.

सज्जनहो, आपल्या घरातल्या यंत्राकडे, पाण्याकडे, पुस्तकाकडे, वहिवाटेकडे एकदा पाहावे आणि एवढेच विचारावे, हे मला कुणी दिले? देणारा आठवला तर त्याला नमस्कार करावा. नाही आठवला, तर उठून त्याच्या दाराशी जावे.

रामकृष्णहरि.